खिशातला थर्मामीटर

नव्वदच्या सुमारास पनवेलजवळ नवीन सेक्टर आखले जात होते. मी सर्व्हेअर होतो. बारा वर्षं साखळी आणि टेप घेऊन तिथला चिखल तुडवला होता. कंपनीने अंतर मोजायचं लेसरचं यंत्र आणलं आणि दिलं कुणाला, तर पुण्यात महिनाभर ट्रेनिंग घेऊन आलेल्या माझ्या ज्युनिअरला! माझ्या वाट्याला थर्मामीटर आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता थर्मामीटर कशाला? यंत्रातून निघालेला किरण समोरच्या आरशावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. हवा गार असली की दाट होते, किरण किंचित रेंगाळतो. गरम असली की जरा लवकर पोचतो. म्हणून यंत्राला आधी तापमान सांगावं लागे. एका डिग्रीची चूक म्हणजे किलोमीटरमागे साधारण एक मिलिमीटरची चूक. मी तापमान वाचायचं आणि त्याने बटणं दाबायची, अशी आमची वाटणी होती.

मी त्याच्यावर जळत होतो. साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकायचे तेव्हा माझ्या घशाखाली चहा उतरत नसे. वर तो मला अगदी मनापासून ‘सर’ म्हणायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी बेलपाड्याच्या टेकडीवरून कामोठ्याच्या बाजूच्या खांबापर्यंतचं अंतर घ्यायचं होतं. साडेतीन किलोमीटरचं ते अंतर आधीच पक्कं ठाऊक होतं. परीक्षा ज्युनिअरची होती. जुळलं तर यंत्र कायमचं त्याच्याकडे, नाही तर माझ्याकडे, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

थर्मामीटर सावलीत, वाऱ्यावर टांगायचा असतो. मी तो स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवला होता. विसरून नव्हे.

“सर, टेम्परेचर?”

मी थर्मामीटर बाहेर काढला. “तीस.”

यंत्रावर छत्री धरणारा आमचा बेलपाड्याचा गडी कानाला मफलर गुंडाळून कुडकुडत होता. तो म्हणाला, “सायेब, आज थंडी लय हाय. बोटं पन हालत नाय.”

“तुला कोणी विचारलं?” मी खेकसलो, आणि फील्डबुकात स्वतःच्या हाताने तीस लिहिलं. ज्युनिअरने मान खाली घालून बटणं दाबली.

दुपारी साहेबांच्या टेबलावर अंतर चार सेंटिमीटर जास्त भरलं. मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. साहेब तडकले. ज्युनिअरने फील्डबुक उघडलं आणि तापमानाच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

“चूक माझी आहे, साहेब,” तो म्हणाला. “थर्मामीटर कुठे टांगलाय ते मी बघायला हवं होतं. उद्या परत घेतो.” साहेबांनी त्याला आणखी एक दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर त्याने थर्मामीटर पुन्हा माझ्याच हातात दिला. मी तो झाडाच्या सावलीत टांगला. त्याने आदल्या दिवशीच्याच आवाजात विचारलं, “सर, टेम्परेचर?” मी अठरा सांगितलं. अंतर जुळलं आणि यंत्र कायमचं त्याचं झालं.

त्याच्या जागी मी असतो, तर साहेबांसमोर माझ्यासारख्याचा पंचनामा केला असता. हे मला टेकडी उतरतानाच कळलं, आणि मग मी त्याच्यावर पहिल्यापेक्षाही जास्त जळलो.