उशाशी विळा

बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायची रीत ज्यानं कुणी काढली, त्याच्या मनात कधी भलतंसलतं आलं नसावं. लोखंडाला भुतंखेतं भितात, म्हणून बारा दिवस लेकराच्या डोक्याशी विळा. त्या विळ्याला बाळंतीणही भिऊ शकते, हे काही कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझं सासर मोताळ्याजवळ, भाजीपाल्याचं घर. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला आई नव्हती, म्हणून सासूनंच केलं आणि मनापासून केलं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. उशाशी ठेवायला त्यांनी आपला स्वतःचा विळा दिला. त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मेथीच्या जुड्या कापून कापून त्याचं पातं निम्मं झिजलं होतं, पण धार अशी की बोट लावायची सोय नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी मुलगी दूध पिऊन झोपली होती. आणि माझ्या मनात आलं, हा विळा उचलून मी हिच्या मानेवर ठेवला तर?

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. माझा तिच्यावर इतका जीव होता की ती शिंकली तरी मी उठून बसायची, आणि त्याच माझ्या मनात हे आलं. मी देवाचं नाव घेतलं तर विचार जास्तच जोरानं आला. मान वळवली, तरी विळा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मी आत्याबाईंना हाक मारली आणि म्हटलं, "तो विळा तिथून काढा."

आत्याबाईंच्या हिशेबानं सरळ होतं : लोखंड बाधेलाच सोसत नाही, तेव्हा विळा काढा म्हणणारी मी नव्हेच, माझ्या तोंडून दुसरंच कुणी बोलत होतं. त्यांनी विळा काढला तर नाहीच, वर आणखी एक पायथ्याशी ठेवला, पाळण्याखाली अडकित्ता ठेवला आणि दाराशी खुरपं टाकलं. "आता पाह्यतो कसं येते ते," असं त्या हवेकडे बघून म्हणाल्या. पुढचे सात दिवस मी त्या लोखंडात बसून काढले. आजही ते दिवस आठवले की दात-ओठ खावेसे वाटतात. त्यांच्यावर चिडावं, तर त्या बिचाऱ्या माझ्यासाठी उपास करत होत्या.

बारसं झालं आणि मला राहवेना. नवऱ्याला आणि आत्याबाईंना समोर बसवून मी मनातलं सगळं सांगून टाकलं. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. तो उठून पाळण्यापाशी जाऊन उभा राहिला. आत्याबाई रडल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून घरातलं सगळं लोखंड नाहीसं झालं. विळी माळ्यावर गेली, खुरपी विहिरीवर गेली. भाजी हातानं तोडून फोडणीला पडू लागली. पहिल्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं! चौथ्या दिवशी मनात आलं, विळा कशाला हवा, उशी आहेच की. मग उशाही गेल्या.

संध्याकाळी मी विचारायची, "आत्याबाई, मी पोरीले काही केलं नाही नं?"

"नाही वं माय, काही नाही केलं तुनं. झोपून राह्यली पाह्य ते."

चहा संपेपर्यंत बरं वाटायचं. मग पुन्हा विचारायची. त्यांनी तुळशीची शपथ घेतली, मग पोटच्या लेकाची घेतली. संक्रांतीपर्यंत मी दिवसातून वीस-वीस वेळा विचारत होते आणि त्या वीसही वेळा उत्तर देत होत्या. दूध पाजताना त्या माझी दोन्ही मनगटं धरून बसायच्या. धरा म्हणून मीच सांगितलं होतं. आपल्या लेकराला पाजणाऱ्या बाईचे हात दुसऱ्या बाईनं धरलेत, हे चित्र कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं? पण आमच्या घरात त्याचं कुणालाच नवल वाटेनासं झालं.

मग एका मोठ्या गावच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं मला एक अक्षर विचारलं नाही. नवऱ्यानं सांगितलेलं ऐकलं आणि मी समोर बसलेली असताना नवऱ्यालाच म्हणाला, "अशा बाईजवळ मूल ठेवू नका. काही झालं तर जबाबदार कोण?" भिंतीला बोलावं तसं माझ्या डोक्यावरून बोलला. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्या एका वाक्यानं माझी मुलगी आत्याबाईंच्या खोलीत गेली. वाटी-चमच्यानं बकरीचं दूध पिऊ लागली. इकडे माझं दूध महिन्याभरात आटलं. ती रडली की मी दाराच्या अलीकडे उभी, आणि पलीकडे आत्याबाई तिला उगी करायच्या. पुढं पुढं ती त्यांच्याच हाकेवर मान वळवू लागली.

मला मुलगी परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

नवऱ्याच्या शाळेतल्या एका मास्तरांनी सांगितलं की नागपुरात एक बाई आहेत, बाहेर शिकून आल्या आहेत, औषधापेक्षा सवयीनं मनाचे आजार बरे करतात. मलकापूरला जाऊन आम्ही गाडी धरली. मुलीला घेऊन आत्याबाईही निघाल्या. नागपुरात नवऱ्याच्या मामाकडे उतरलो.

ती बाई माझ्याच वयाची निघाली. पायात साध्या चपला, साडीला शाईचा डाग. मला वाटलं, ही काय करणार! पण तिनं नवऱ्याला बाहेर बसवलं आणि दोन दिवस मलाच विचारलं. झोप लागते का, कुणाचे आवाज ऐकू येतात का, जीव द्यावासा वाटतो का. मग म्हणाली, "हा विचार आला की बरं वाटतं का?"

"मेल्याहून मेल्यासारखं होते."

"आणि हात किती वेळा उचललात?"

"एकदाबी नाही."

तिनं सांगितलं की असले विचार पुष्कळ आयांना येतात. त्या 'काहीतरीच' म्हणून कूस बदलतात आणि विचार निघून जातो. तुम्ही मात्र त्याला पाहुणा समजून पाट दिलात, वर घरच्यांनी पंक्ती बसवल्या. मला संताप आला. इतके महिने मला राक्षसीण ठरवलं आणि हे इतकं साधं होतं? हे आमच्या जिल्ह्यात एकाला तरी ठाऊक असू नये? मी तिथंच ओरडले. तिनं ओरडू दिलं.

उपचार मात्र साधा नव्हता. पहिल्या दिवशी तिनं टेबलावर भाजीची सुरी ठेवली आणि माझ्या मुलीला आत आणायला सांगितलं. मी उठून दाराकडे पळाले. "तुमाले पोरं हायेत का?" मी म्हटलं, वाईट आवाजात.

"नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला आहे, आणि तुम्ही तिच्यापासून सर्वांत लांब उभ्या आहात."

मी परत येऊन बसले. विचार आला की येऊ द्यायचा. देवाचं नाव घ्यायचं नाही, मान वळवायची नाही, हात दाबायचे नाहीत. आणि कुणाला विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात सुरी खोलीत, मुलगी खोलीत, मी खोलीत. दुसऱ्या आठवड्यात मुलगी सतरंजीवर आणि मी विळीवर बसून मेथी कापतेय. तिसऱ्या आठवड्यात मुलगी मांडीवर आणि विळा शेजारी. छातीत धडधड व्हायची, तोंड कोरडं पडायचं. तास-तास तसंच बसायचं, आणि मग कधीतरी भीती आपोआप उतरायची. शेवटी शेवटी विचार माशीसारखा झाला. यायचा, घोंघावायचा, मी कापत राहायची.

पण खरं भांडण झालं ते आत्याबाईंशी. बाईंनी त्यांना बजावलं की सुनेनं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.

"सून रडून राह्यली अन् मी मुक्यावानी बसू? कोन्या पुस्तकात लिवलं हाये हे?"

"तुमचं उत्तर गोड आहे, आजी. म्हणून तर ती पुन्हा पुन्हा मागते."

आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मी विचारलं की पदराचा बोळा तोंडात धरून बसायच्या. मी त्यांच्यावरही चिडायची. एक शब्द बोलायला काय जातं यांचं, असं वाटायचं. आठवड्यानं मी विचारणंच सोडलं.

आम्ही घरी आलो. मुलगी माझ्या खोलीत आली. आणि मग जे सुरू झालं त्याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. मी मुलीला न्हाऊ घालायला बसले की आत्याबाई ओसरी तिसऱ्यांदा झाडायच्या. मी तिला घेऊन आत गेले की नवऱ्याची टोपी नेमकी त्याच खोलीत राहिलेली असायची. विळी परत आली होती, पण माझ्या हातात आली की कुणीतरी खोकायचं. रात्रंदिवस बोलायचे मात्र गोड. माझा आजार माझ्यातून निघाला आणि घराला लागला होता. मी विचारणं सोडलं होतं, आता ते माझ्याकडे बघून विचारत होते, तोंड न उघडता.

एका बाजाराच्या दिवशी माझा बांध फुटला. आत्याबाईंनी त्या दिवशीही बाजार टाळायचा म्हणून कंबरदुखी काढली होती. नवरा शाळेला निघालेला. मी दोघांना दारात अडवलं.

"आत्याबाई, तुमी आज बाजारात जा. मी अन् पोरगी घरी राह्यतो. अन् तुमचा विळा मले द्या, जुड्या कापाच्या हायेत."

"माही कंबर..."

"तुमच्या कंबरेले काही नाही झालं. तुमच्या मनात काय येऊन राह्यलं ते मले ठाऊक हाये. माह्या मनातबी तेच येत होतं. येऊ द्या. पण अर्ध्या वाटेतून वापस येऊ नोका, अन् आल्यावर पोरगी शोधू नोका. मले जे कराले लावलं, ते आता तुमी करा!"

माझा आवाज शेजारपाजारी गेला असणार. सासूशी इतकं चढ्या आवाजात मी पुन्हा कधी बोलले नाही. नवरा काहीतरी बोलायला गेला, पण आत्याबाईच त्याला 'तू जाय शाळेत' म्हणाल्या. मग आत जाऊन विळा आणला आणि मूठ माझ्याकडे करून पुढं धरला. भाजीनं भरलेली टोपली उचलली आणि गेल्या.

दिवस कसा गेला म्हणाल तर काहीच झालं नाही. मी जुड्या कापल्या. मुलगी रांगत येऊन पालकाचं पान चावून थुंकली, माती खाल्ली, मी तिच्या तोंडात बोट घालून ती काढली. विचार दोनदा आला. दुपारी ती माझ्या कुशीत झोपली आणि विळा जिथं पडला होता तिथंच पडून राहिला.

आत्याबाई नाल्यापासून दोनदा मागे फिरल्या होत्या आणि दोनदा पुन्हा बाजाराच्या वाटेला लागल्या होत्या. हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी मी फक्त त्यांना येताना पाहिलं. टोपली रिकामी. त्यांनी अंगणात पाय धुतले, पुन्हा धुतले. मुलगी पाळण्यात होती, आणि पाळणा त्यांच्या उजव्या हाताला. तिकडे मान वळू नये म्हणून त्यांनी ती इतकी ताठ धरली होती की गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ओसरीवर टेकल्या. ओठ हलले, मिटले. मी चुलीपाशी उभी राहून वाट बघत होते, आता विचारतात, आता विचारतात.

"सैपाक झाला का वं?" त्या म्हणाल्या. "भूक लागली मले."

माझा राग तेव्हा विरघळला असं लिहिलं तर खोटं होईल. तो अजून आहे. पण मी हो म्हटलं, आणि मुलीला कडेवर घेऊनच त्यांना वाढलं.