पाटी त्या दिवशी नव्हती

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही आणि मधलं बोट वाकत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की बोलता बोलता त्याची नजर हाताकडे जाते. मग ब्लाऊजचं कापड पुन्हा पिशवीत जातं आणि "येते मी नंतर" असं म्हणून बाई निघून जाते. मी येवल्याची. वडील मागावर पैठणी विणायचे. लग्न होऊन नाशिकला आल्यावर मी पैठण्यांचे ब्लाऊज शिवायला लागले. बारीक हातशिलाई करून घ्यायला बायका गंगापूर रोडवरूनही माझ्याकडे यायच्या.

आमच्या कॉलनीला लागूनच एका संस्थेची शाळा आहे आणि शाळेच्या शेजारी त्याच संस्थेची बाग. काही वर्षांपूर्वी संस्थेने बागेत व्यायामाची यंत्रं बसवली. मांडव घालून, फीत कापून ती सर्वांसाठी मोफत खुली केली. मी आणि समोरच्या घरातल्या ताई रोज सकाळी तिथे जायचो. ताई मूळच्या नामपूरच्या. त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांचा डबा माझ्या स्वयंपाकघरातून गेला होता. माझ्या मुलीच्या बाळंतपणात त्या माझ्या घरात राबल्या होत्या.

त्या सकाळी मी दांडा ओढायच्या यंत्रावर बसले होते. ताई शेजारच्या बाकावर बसून सुनेच्या नोकरीबद्दल बोलत होत्या. त्यांची सून त्याच संस्थेच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होती. मी दांडा खाली ओढला, वरून कडकन आवाज आला आणि सगळा लोखंडी हात खांबाला घासत खाली आला. माझा पंजा मध्ये सापडला. दुखलं नाही, आधी नुसतं गरम वाटलं. ताईंनी आपली ओढणी माझ्या हाताला गुंडाळली, रिक्षा थांबवली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझं मनगट वर धरून ठेवलं.

आमचे हे ओझरच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. दुपारी ते बागेत जाऊन आले. तुटलेला बोल्ट त्यांना गवतात सापडला होता. माझ्या कॉटशेजारी बसून त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. म्हणाले, "हा या यंत्राचा नाहीच. मूळचा गेला असेल, कुणीतरी दुकानातून मिळेल तो आणून ठोकलाय. हा भार पेलणारच नव्हता."

मी लगेच कोर्टात गेले नाही. टाके निघाल्यावर संस्थेच्या सचिवांना भेटायला गेले. आमची चूक झाली एवढं त्यांनी म्हणावं आणि बाकीची यंत्रं तपासून घ्यावीत, एवढंच मनात होतं. त्यांनी चहा मागवला, विचारपूस केली आणि निघताना म्हणाले, "वहिनी, या वयात जरा जपूनच करायला हवं होतं." घरी येईपर्यंत मी दावा लावायचं ठरवलं होतं.

वकिलांनी सांगितलं की ग्राहक आयोगात काही होणार नाही. यंत्र फुकट वापरलं, म्हणून मी त्यांची ग्राहक नव्हते. दिवाणी कोर्टातच जावं लागणार होतं. आमच्या नोटिशीला संस्थेचं उत्तर आलं, सोबत फोटो. यंत्राच्या मागे निळी पाटी: उपकरणांचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा. ही पाटी पहिल्या दिवसापासून आहे, असं उत्तरात लिहिलं होतं.

ती पाटी माझ्या अपघातानंतर आठ दिवसांनी लागली. मला हे सांगणाऱ्या ताईच होत्या. त्या सकाळी फिरून थेट माझ्याकडे आल्या होत्या आणि रंग अजून ओला असल्याचं सांगत होत्या. म्हणून साक्षीदार म्हटल्यावर दुसरं नाव मनात आलंच नाही. त्याही लगेच तयार झाल्या. प्रतिज्ञापत्र वाचून त्यांनी सही केली.

दावा सुरू असतानाच संस्थेने सगळी यंत्रं काढून नेली. तक्रार आल्यामुळे सुविधा बंद, असा कागद फाटकावर लागला. त्यावर माझं नाव नव्हतं, पण कॉलनीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. ज्या बायकांनी दवाखान्यात मला नारळपाणी आणून दिलं होतं, त्या आता रस्त्यात दिसल्या की मोबाइल काढून बघायच्या. भाजीच्या गाडीवर एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं की एकीचं बोट गेलं आणि पन्नास जणींचा व्यायाम गेला.

ताईंच्या उलटतपासणीचा दिवस उजाडायला तीन वर्षं लागली. त्यांना माझ्यासोबत रिक्षातून कोर्टात यायचं नव्हतं, मुलगा सोडणार होता. मला तेव्हाच समजायला हवं होतं. संस्थेच्या वकिलांनी फार विचारलंच नाही. पाटी त्या दिवशी होती की नव्हती, एवढंच. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"नक्की आठवत नाही," त्या म्हणाल्या. "वहिनींनी सांगितलं, म्हणून मी सही केली."

दावा फेटाळला गेला. यंत्र जागेवर नाही, बोल्ट त्याच यंत्रातून तुटून पडला हे सिद्ध होत नाही, सूचनेची पाटी नव्हती हेही सिद्ध होत नाही. न्यायाधीश सौम्यपणे बोलत होते. आमचे हे बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे राहिले. आयुष्यभर बोल्ट हाताळलेल्या माणसाला बोल्ट ओळखता येतो, हे त्यांना कुणाला पटवता आलं नव्हतं. वकील अपिलाचं बोलले. आम्ही नको म्हणालो.

पंधरा दिवसांनी ताई आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, मी बसा म्हटलं नाही.

"सुनेची कायमची ऑर्डर यायची होती, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्यांनी घरी माणूस पाठवला होता. मला सगळं आठवत होतं."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांना वाटलं असावं की मी रडेन, भांडेन, निदान काही विचारेन. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. माझ्या मुलीची नोकरी अशी अडकली असती तर मी तिथे खरं बोलले असते का? उत्तर मला सापडत नव्हतं, आणि त्याचाच राग जास्त येत होता, कारण त्यामुळे ताईंवर धड रागावताही येत नव्हतं. मी त्यांना एवढंच विचारलं, "ऑर्डर आली?"

"आली," त्या म्हणाल्या.

मी दार लावून घेतलं. आता सकाळी त्यांच्या अंगणात झाडूचा आवाज थांबला की मग मी माझं अंगण झाडायला बाहेर पडते.