आडवा सात

आमच्या घरात मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आई प्रवरेतल्या वाळूउपशाविरुद्ध लिहायची आणि आम्ही देवळालीच्या बाजारात वाटायचो. पुढे एकही छापखाना तिची पत्रकं छापायला तयार होईना. तेव्हा ती श्रीरामपूरच्या एका साप्ताहिकाला शब्दकोडं देऊ लागली. मला ती माघार वाटायची. पत्रकात माणसाचं नाव घेता येतं. कोड्यातली ओळ बोलते एक आणि बोट दाखवते दुसरीकडे. तरी सोडवायला मीच आधी बसायचे. "'कर' म्हटलं की तुला सरकारच दिसतं," आई हसायची. "स्वतःचा हात विसरतेस."

मागच्या उन्हाळ्यात तिनं एक ओळ दिली. आडवा सात, दोन अक्षरं: 'वाळूवर जगतो, पाठ वाकडी तरी मान वर.' उत्तर होतं उंट. गावाला मात्र त्यात वाळूच्या धंद्यातले साहेब दिसले; त्यांचं आडनावही दोनच अक्षरांचं होतं. उत्तरं पुढच्या गुरुवारच्या अंकात येत, म्हणजे सबंध आठवडा गावाला मोकळा होता.

तिसऱ्याच दिवशी साहेबांचा माणूस आला. शाळेत आईच्या हाताखाली शिकलेला. वाकून पाया पडला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

"बाई, आडव्या साताचं उत्तर काय हाय?"

"गुरुवारी छापून येईल."

"साहेबांनी इचारलंय."

"त्यांनाही गुरुवारीच. तुला वर्गात तरी कधी आधी सांगितलं होतं का?"

तो मनापासून हसला. "न्हाई. छडी तेवढी आधी मिळायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई संध्याकाळच्या एसटीनं येती ना श्रीरामपूरहून? फाट्यावर लई अंधार असतो, बाई."

उंट. एवढा एक शब्द उच्चारला असता तर तो उठून गेला असता. माझ्या ओठांवर आलाही होता, पण आईनं हात वर करून मला थांबवलं. त्यानं चहा संपवला, कपबशी स्वतः मोरीत नेऊन ठेवली आणि गेला.

मी चिडले. "भांडायचं तर उघड भांड. नाहीतर सांगून टाक ना, उंट आहे म्हणून!"

"आज उत्तर दाखवलं तर उद्या तो कोडं छापण्याआधी बघायला मागेल," आई म्हणाली. "परवा काय लिहायचं तेही सांगेल." मग ती मोरीत कपबशी विसळायला गेली.

गुरुवारी अंक आला. कोड्याच्या जागी साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात होती. मागच्या कोड्याची उत्तरंही नव्हती. संपादकांनी फोन उचलला नाही.

मला वाटलं, विषय संपला. संध्याकाळी आम्ही दोघी किराणा आणायला गेलो. दुकानदारानं साखर बांधता बांधता आवाज खाली आणला.

"बाई, आडवा सात आमचा बरोबर आला बरं का! म्हनून तर उत्तर छापू दिलं न्हाई त्यांनी."

"अहो, उंट होतं ते," आई म्हणाली.

"व्हय व्हय, उंटच!" तो डोळे मिचकावून हसला. शेजारी उभे असलेले दोघेही हसले.

"खरंच उंट होतं," आई पुन्हा म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

आता कुणी हसलं नाही; बाईंना कुणीतरी दम दिलाय, असंच त्यांनी धरलं. दुकानदारानं रस्त्याकडे नजर टाकली, पुडी आमच्या पिशवीत टाकली आणि पैसे न घेताच शटर अर्धं खाली ओढलं.