माळी येऊन गेला

आधीच कबूल करतो. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, आणि वाचून झाल्यावर खाली "झोपेत असाल", "पित्त खवळलं असेल" असं लिहिणारा जो एक शहाणा असतो ना, तो बऱ्याचदा मीच असतो. एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतोय. चकवा बिकवा काही नसतं, रानात दिशा चुकली की माणूस गोल फिरतो, हे पोरांकडून घोकून घेतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. आणि खरं सांगू? लाजेपेक्षा जास्त जळफळाट होतोय... कारण माझ्या बापाच्या बाबतीत जे घडलं, ते माझ्यासमोर घडलंच नाही.

आमचं गाव साखरशेत, तालुका जव्हार. मी नोकरीमुळे जव्हारला राहतो, मोटरसायकलने जाऊन-येऊन असतो. गावी भात, नाचणी. घरामागच्या उतारावर बाबाने मोगरा लावलेला आणि मोगऱ्याच्या कडेला आंब्याच्या कलमांची रोपवाटिका. (घरी आम्ही बाबाला अरे-तुरेच करतो. इथे "बाबा आले, बाबा म्हणाले" लिहायला गेलो तर दुसऱ्याच कुणाचा बाप वाटेल. सांभाळून घ्या.) कलम बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. थेट खोडाळ्याच्या बाजारात लोक विचारून घ्यायचे — साखरशेतच्या म्हाताऱ्याचं आहे का?

माझा धाकटा भाऊ लग्नानंतर चार वर्षांत तापाने गेला. त्याची बायको सुमन. माहेरी गेली नाही, बाबाजवळच राहिली. बाबाने तिला कलम बांधायला शिकवलं. ज्या चाकूला त्याने मला आयुष्यात हात लावू दिला नाही — "नारू, तुजा हात खडूचा" — तो चाकू तिच्या कमरेला! मी पोटचा पोरगा, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. वाईट वाटेल, पण मी तिला मनातल्या मनात हेच म्हणायचो.

पुढे ती प्रार्थनेला जायला लागली. येशूच्या प्रार्थनेला जाणाऱ्यांना आमच्याकडे सरळ 'प्रार्थनावाले' म्हणतात. मला आयतं निमित्त मिळालं. तावातावाने गावी गेलो, घराण्याचं नाव, देव, देव्हारा सगळं काढलं. बाबा तंबाखू मळत होता. म्हणाला, "जाऊं दे. रविवारी दोन तास बसते तठं, तिला बरा वाटतं. तुला काय तरास?" झालं! विषय संपला. मी चहाही न घेता परत आलो.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर बाबा आजारी पडला. छातीत पाणी झालं. आधी जव्हारला, मग नाशिकला. शिल्लक होती तेवढी सगळी रजा मी टाकली. त्याचं भांडं मी उचललं, पाठ मी पुसली, खुर्चीवर बसून झोपलो. आणि तो दर तासाला काय विचारायचा? "सुमे कवा येल?" शिमगा झाल्यावर घरी आणला आणि चौथ्या दिवशी तो गेला. शेवटचं पाणी तिच्या हातचं. मी उशाशीच होतो, तांब्या माझ्याही हातात होता.

आता जे लिहितोय ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. लग्न झालेलं नव्हतं, जव्हारला एका खोलीत राहायचो. एका रविवारी आमचे केंद्रप्रमुख आणि दोन गुरुजी घरी आले होते. ओटीवर खुर्च्या टाकून चहा चाललेला. तेवढ्यात समोरून बाबा आला. अनवाणी, गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर टोपली, तिच्यात आंब्याचं एक कलम. माझ्या दारात लावायला घेऊन चालत आला होता. साहेबांनी विचारलं, "कोण हा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माळी आहे. रोपं देतो."

बाबाने ऐकलं. ऐकू गेलंच असणार, तो पायरीशी उभा होता. त्याने टोपली उतरवली, कलम भिंतीला टेकवून ठेवलं, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "येतो, साहेब." आणि गेला. मी चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. ते कलम मी मागच्या बाजूला सरकवून ठेवलं... त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिथेच ते वाळलं. पुढे कधी आला तेव्हा ते वाळलेलं त्याला दिसलंच असणार, पण एवढ्या वर्षांत त्याने कधी विचारलं नाही की नारू, कलम लागलं का. मी बोललो नाही. दोघांचीही अळीमिळी गुपचिळी. आणि साहेब मला तो त्या एका दिवसाखेरीज कधीही म्हणाला नाही.

नाशिकला त्याच्या खाटेजवळ बसून रोज ठरवायचो, आज माफी मागू. रोज राहून जायचं. तो गेल्यावर वाटलं, स्वप्नात तरी येईल. विज्ञान शिकवणारा मी, अंथरुणावर पडून म्हणायचो, बाबा, एकदा ये, एवढंच बोलायचंय. तेरावं झालं तरी साधं स्वप्न पडलं नाही. तेराव्याला मी आणखी एक गोष्ट केली. बाबाचा तो चाकू कुणाला न सांगता खिशात घातला आणि जव्हारला आणून माझ्या कपाटात ठेवला. म्हटलं, एवढा तरी माझा.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, शनिवारी सुमनचा फोन आला. "दादा, उद्या ईस्टर हाय. मंडळी बाबाची पन आठवन काढनार. याल का?"

गेलो. श्रद्धेने नाही हो. माझ्या बापाबद्दल हे लोक माझ्यामागे काय बोलतात ते ऐकायला गेलो. पत्र्याची शेड, खाली ताडपत्री, चाळीसेक माणसं. सगळ्यांच्या गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा — आमच्याच वाडीतल्या. मी मागे दाराशी बसलो, चप्पल हाताशी ठेवून. त्यांचा पास्टर म्हणजे आमच्याच भागातला गवंडीकाम करणारा माणूस. त्याने गोष्ट सांगितली. येशूला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी बाया पहाटे कबरीकडे गेल्या, तर दगड सरकलेला आणि आत कुणी नाही. एक जण तिथे रडत उभी राहिली. मागे माणूस उभा, तिला वाटलं बागेचा माळी. त्याने नुसतं तिचं नाव घेतलं आणि तिला ओळख पटली.

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. 'माळी' हा शब्द ऐकला आणि कानशिलं तापली.

पास्टर पुढे म्हणाला, "त्याचा एक दोस्त व्हता. धरून न्यायच्या रातीला तीनदा बोलला, मी या मानसाला वळखत नाय. आन् कबरीपाशी निरोप काय मिळाला? जा, सगळ्यांना सांगा तो उठलाय. आन् त्या दोस्ताला पन सांगा, नाव घेऊन सांगा. नाव कशाला घेतला? कारन तो तोंड लपवून बसलेला आसंल. त्याला वाटंल, निरोप बाकीच्यांना हाय, मना नाय."

मी चप्पल पायात घातली होती, खरंच उठणार होतो. पण तेवढ्यात साक्ष द्यायला सुमन उभी राहिली. कुणाला काही अनुभव आला असेल तर ते सगळ्यांसमोर सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. ती काय बोलली ते मी जसंच्या तसं देतो.

"आज पहाटं कळ्या खुडाय गेली. अजून नीट दिसत नव्हता. कलमांच्या तठं कोन तरी उकिडवा बसलेला, पाठ माझ्याकडं. मना वाटला, बाजूच्या फार्महाऊसचा माळी हाय. आमच्या बाबाचा चाकू तेरव्यापासून गावत नाय. मी बोलली, ओ माळी दादा, चाकू तुम्ही नेला आसंल त सांगा, मी काय बोलनार नाय, तेवढा परत द्या. त तो मागं न बघताच बोलला, 'सुमे.'"

सुमे तिला फक्त बाबा म्हणायचा.

"मी तठंच बसली. बाबा बोलला, 'साहेबाला सांग, माळी येऊन गेला. कलम वाळला त वाळू दे म्हनावा. राग नाय. दुसरा बांधून ठेवलाय.' मी कळ्यांची टोपली सावरली, वर बघितला, त कोनी नाय. आता हा साहेब कोन, मना कळला नाय. बाबाचा कोन साहेब? मना वाटतं कृषीवाला साहेब आसंल, त्याला बाबाने मागं कलमा दिलेली. कोनाला त्याचा फोन नंबर म्हाईत आसंल त द्या."

लोक "हालेलुया" म्हणाले, टाळ्या वाजल्या. एक जण तर उठून खरंच कृषी सहायकाचा नंबर शोधायला लागला.

माझ्या अंगावर काटा आला असेल असं तुम्हाला वाटेल. आला, पण नंतर. आधी अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, वा रे बाबा! माफी मागायला मी तळमळतोय, आणि तू मोगऱ्यात जाऊन हिला भेटतोस? निरोप माझा, आणि तो हिच्या हाती, चाळीस माणसांत? हिला 'सुमे', आणि मला 'साहेब'? रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्हीतलं काय आधी आवरावं ते कळेना.

प्रार्थना संपल्यावर तिच्यासोबत घरी गेलो, सरळ मागे वाडीत. आजारपण आणि दिवसकार्याच्या धबडग्यात रोपवाटिकेकडे कुणी बघितलंच नव्हतं. काळ्या पिशव्यांतली सगळी रोपं करपून गेलेली. एकच पिशवी ओली. तिच्यात एक कलम — बाबा बांधायचा तसंच, दुधाच्या पिशवीची पट्टी, डावीकडे पीळ देऊन दुहेरी गाठ. वर तांबूस कोवळी पालवी. पालवी नुकतीच फुटलेली, म्हणजे बांधून फार तर महिनाभर झालेला. महिनाभरापूर्वी बाबा नाशिकला खाटेवर होता. मी साक्षीदार आहे, मी तिथेच होतो. आणि चाकू माझ्या कपाटात.

"हा तू बांधलास?" मी विचारलं.

"नाय दादा. मी त तुमच्याकडं नाशिकला नायतर घरात."

मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "साहेब कोन आसंल वो, दादा?"

आणि मी काय म्हणालो असेन? "मला काय माहीत!" झालं ना परत तेच! एकोणीस वर्षांत काडीचा फरक नाही.

तिने पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "असूं दे. ज्याचा निरोप त्याला पोचला आसंल. तुम्ही न्या हा जव्हारला, इकडं पानी घालाय कोनी नाय." आणि चहा ठेवायला आत गेली. पाणी घालायला कोणी नाही? वाडीला तीच तर पाणी घालते!

कलम जव्हारला दारात लावलं. लागलं. मध्यंतरी नवे मुख्याध्यापक आले होते, म्हणाले, छान आहे, कुठल्या माळ्याकडून आणलंत? म्हटलं, माझ्या बाबाकडून. माझा बाप कलमं बांधायचा. चाकूही सुमनला परत नेऊन दिला. कुठे सापडला असं तिने विचारलं नाही. हे वागणंसुद्धा माझ्यापेक्षा सरस, त्याचाही राग येतो.

वर्ष झालं. या ईस्टरला पहाटे मीही तिच्यासोबत कळ्या खुडायला गेलो होतो. उजाडेपर्यंत कलमांच्या बाजूला बघत राहिलो. कोणी नव्हतं. माझ्या टोपलीत मूठभर कळ्या, तिची भरलेली.

उलगडा अजून नाही. माळ्याची गोष्ट ती दर ईस्टरला ऐकते, तेव्हा त्यावरून तिला भास झाला असेल, हे मी धरून चालतो. कलम कदाचित तिनेच बांधलं असेल, गाठ तिलाही तशीच येते, चाकू काय दुसराही चालतो. पण 'साहेब'? वाळलेलं कलम? ते फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक गेला.

हे वाचून खाली कुणीतरी माझ्यासारखा शहाणा लिहीलच — म्हाताऱ्याने ते तिला जिवंतपणीच सांगितलं असेल, कधीतरी दुपारी, मोगऱ्यात बसून. सुमनला विचारलं तर एका मिनिटात कळेल. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मेलेला माणूस पहाटे येऊन वाडीत बसतो, हे मी आता मानू शकतो. पण ती गोष्ट बाबा जिवंतपणी तिच्याजवळ बोलला आणि माझ्याजवळ नाही, हे माझ्याने मानवणार नाही. तेव्हा कृपा करा... बाकी काय वाटेल ते लिहा, तेवढं एक लिहू नका.