पाण्यातले बुडबुडे

भोसरीत माझ्या स्कूटरचं पंक्चर काढणारे काका ट्यूब पाण्यात दोनदा बुडवतात. बुडबुडा दिसला नाही तरी यांचं समाधान नाही. "कुटंतरी दबली आसंल," म्हणत ट्यूब फिरवून पुन्हा बघतात. माझा दर वेळी लेटमार्क!

परवा त्यांच्याच फुप्फुसातून हवा गळून छातीत साठली. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली, तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात सोडलं, म्हणजे साठलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडेल. मी भेटायला गेलो तेव्हा बुडबुडे थांबले होते.

"काका, बरे झालात की!"

"थांबा राव. श्वास घेतला तरी नळीतलं पानी हालंना."

त्यांनी सिस्टरला हाक मारली. नळी त्यांच्याच पाठीखाली दुमडली होती. ती सरळ करताच बुडबुडे पुन्हा सुरू झाले.

काका खुशीत हसले. "तुमी तर टायर चढवून मोकळे झाला आसता!"