मानेवरचा बर्फ

आईच्या डोक्यात साठणारं पाणी पोटात उतरवणारी नळी बसवून पाच वर्षं झाली होती. कानामागून मानेवरून ती कातडीखालून जाते. बोट फिरवलं की लागते. गेल्या उन्हाळ्यात आईचं डोकं दुखायला लागलं, चक्कर यायला लागली. नळी तुंबली असेल तर पुन्हा ऑपरेशन. पहिल्या वेळचे ते दिवस मला परत नको होते, तिला तर मुळीच नको होते.

कोल्हापुरातले डॉक्टर म्हणाले, "स्कॅन जुन्यासारखाच आहे, पण तेवढ्यावर छातीठोक सांगता येत नाही." सुई न टोचता बघायचा एक उपाय होता. मानेवर, नळीच्या वर, बर्फ ठेवायचा आणि खाली गळ्याच्या हाडापाशी तापमान मोजणारी चकती नळीवरच चिकटवायची. पाणी वाहत असेल तर गारवा खाली पोचतो, आकडा उतरतो. एवढ्या मोठ्या दुखण्याला बर्फ, मला हसू आलं आणि रागही.

बर्फ ठेवला. आकडा ढिम्म. डॉक्टर ऑपरेशनचं बोलू लागले. आईकडे बघवेना म्हणून तिच्या गळ्याकडे बघत राहिले, तर चकती दोन बोटं बाजूला सरकलेली. मघाशी उचगावहून आलेले थोरले काका दारात उभे राहिले होते आणि आईनं सवयीनं पदर डोक्यावरून पुढे खस्सकन ओढला होता. थोरल्या दिरासमोर तिचं डोकं उघडं राहत नाही, जीव टांगणीला लागला तरी. मी भडकले. "काका, बाहेर थांबा," म्हणाले. आमच्या घरात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

कातडी पुन्हा उबदार होईपर्यंत थांबलो. चकती नीट बसवली, बर्फ ठेवला. या वेळी आकडा हळूहळू उतरला. नळी चालू होती. मग रक्तदाब तपासला, तो चढलेला. बरं वाटतंय म्हणून बाईसाहेबांनी गोळ्याच बंद केल्या होत्या. मी तिला खूप बोलले, आणि बोलताना मला रडू येत होतं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दाराबाहेरून काकांचा आवाज आला, "पानी उतरतंय न्हवं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलली. माझ्या उभ्या आयुष्यात ती त्यांच्याशी थेट बोललेली मी ऐकली नव्हती.

"उतरतंय की, भावजी. या आत."