न बोलावता येणारी

बोईसरच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, आणि गॅमा डेल्टा टी पेशींचा तास मला नकोसा होतो. शरीराचं रोगांपासून रक्षण करणाऱ्या बहुतेक टी पेशींना शत्रूचा तुकडा कुणीतरी आणून दाखवावा लागतो. या मात्र कातडीत, आतड्याच्या अस्तरात आधीच बसून असतात. आपलीच एखादी पेशी संकटात सापडली, की सांगावा यायच्या आत तिच्यापाशी हजर. पोरं विचारतात, त्यांना कळतं कसं? मी पुस्तकातलं उत्तर देते आणि फळा पुसते.

चिंचणीला, माझ्या माहेरी, आमच्या शेजारची काकू तशीच. बोटीवरच्या कुणाचं बरंवाईट झालं, की बातमीच्या आधी ही त्या घराच्या ओटीवर. बाबांच्या वेळी आई तिच्यावर खेकसली होती, "तुला कोनी बोलावलंय? निघ इथून!" काकू हलली नाही. "बसते जराशी," एवढंच म्हणाली. संध्याकाळी बाबांना किनाऱ्यावर आणलं.

काल डॉक्टरांनी माझ्या गाठीचं निदान सांगितलं. नवऱ्यालाही फोन न करता मी तडक घरी आले. जिना चढले, तर माझ्या दारासमोरच्या पायरीवर काकू. चिंचणीहून एकटी आलेली.

"तुला कोनी बोलावलंय?" मी ओरडले.

ती नुसती सरकली आणि मला बसायला जागा केली.